साहेब येणार त्या दिवशी

आमच्या गावच्या मराठी प्राथमिक शाळेत "साहेब येणार" ही बातमी आठवडाभर आधी यायची. मग जमीन सारवली जाई, फळा काळाकुळकुळीत होई, गुंडाळून ठेवलेला नकाशा भिंतीवर चढे. मास्तर एकटे आणि वर्ग चार. असेच एकदा साहेब यायचे होते. आदल्या संध्याकाळी मास्तरांनी माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला बोलावले आणि म्हणाले, "उद्या तू घरीच रहा रे. तुला बरं नाही." मित्र चांगला धडधाकट होता. त्याला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, एवढाच त्याचा आजार! दुसऱ्या दिवशी आम्ही घडाघडा वाचून दाखवले, पाढे म्हटले, आणि साहेबांनी शेरेबुकात "समाधानकारक" असा शेरा मारला. त्या वेळी माझा मित्र भाटात पडलेले नारळ गोळा करत होता.

हा प्रसंग मी विसरून गेलो होतो. तो आठवला सुरतेत. काही वर्षांपूर्वी एका लग्नासाठी तिथे गेलो असताना महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवणारे एक गृहस्थ भेटले. सुरतेत महापालिका मराठी शाळा चालवते हे ऐकून मलाच नवल वाटले. गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा तिथली पालिका चालवते. गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ मराठीतूनही पुस्तके छापते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत राबणारी हजारो कुटुंबे धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. सुरत-भुसावळ रेल्वे तापीच्या खोऱ्यातून जाते, आणि खानदेशातली माणसे त्याच वाटेने इथे आली. गुरुजी म्हणाले, "माझी पोरं घरात अहिराणी बोलतात, शाळेत मराठी वाचतात, रस्त्यावर गुजराती ऐकतात आणि बापाबरोबर कारखान्यात गेली की हिंदी. आता यांची परीक्षा घ्यायची तर कुठल्या मापाने घ्याल?"

प्रश्नाला तसेच कारण होते. २००९ साली गुजरात सरकारने 'गुणोत्सव' सुरू केला. राज्यातल्या सुमारे ३२ हजार सरकारी प्राथमिक शाळांची प्रत ठरवण्याचा हा खटाटोप. मुलांचे वाचन, लेखन आणि गणित आधी शाळेने स्वतः तपासायचे. मग मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी खेड्यापाड्यांतल्या शाळांत जाऊन पाहणी करणार. शेवटी प्रत्येक शाळेला ए प्लसपासून डीपर्यंत श्रेणी. २०१९ पासून 'गुणोत्सव २.०' आला. पुढे गांधीनगरात 'विद्या समीक्षा केंद्र' उभे राहिले, आणि राज्यभरच्या शाळांची माहिती तिथल्या पडद्यांवर दिसू लागली.

हे सारे वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघू लागला आणि पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही हे सगळ्या देशाला कळले. त्याआधी सरकारी कागदांवर सगळे ठीकठाकच होते. मात्र 'असर' खेड्यांतल्या घरांचा घेतात. सुरतेतल्या गिरणगावातली पोरे त्यात येतच नाहीत. म्हणून गुणोत्सवासारख्या तपासणीत त्यांची नोंद कशी होते, याला अधिक महत्त्व.

परत आल्यावर मी जुनी पुस्तके काढून बसलो, आणि असे लक्षात आले की शाळा तपासण्याची ही कथा गुजरातेत सुरू होते ती बरीचशी सुरतेहूनच, आणि तिच्यात एक मराठी माणूसही आहे.

आपल्याकडे पंतोजी, तसे गुजरातेत मेहताजी. दुर्गाराम मंछाराम दवे (जन्म १८०९) हे सुरतेचे मेहताजी. मुंबईत शिकून तयार झालेले काही तरुण १८२६ साली गुजरातेत शाळा काढण्यासाठी पाठवले गेले, त्यांतले ते एक. तोवर गावठी शाळा होत्या, पण छापील पुस्तकांवर चालणारी आणि सरकारला जाब देणारी शाळा नवी होती. १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होऊन आले आमचे दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी भाषेचे व्याकरणकार. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते. दोघांची गाठ पडली आणि २२ जून १८४४ रोजी सुरतेत 'मानवधर्म सभा' स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास... सगळ्यांचीच नावे 'द'ने सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना 'पाच दद्दा' म्हणत. भुताखेतांचे मंत्र, जातिभेद, विधवांचे हाल यांवर सभेत उघड चर्चा चाले. मुंबईची परमहंस सभा ही पुढची पायरी. तिच्यामागेही दादोबाच होते.

ही माणसे नंतर काय झाली? दादोबा मुंबईला परतले, शिक्षक तयार करण्याचा वर्ग त्यांनी चालवला आणि मराठी शाळांवर देखरेखही केली. दुर्गाराम १८५२ साली राजकोटला गेले, ते शाळातपासनीस म्हणून. त्यांचे शिष्य, सुरतेचेच महीपतराम रूपराम, १८६० साली विलायतेला गेले ते शिक्षक कसे घडवतात हे पाहायला. समुद्र ओलांडला म्हणून परतल्यावर त्यांना जातीबाहेर काढले गेले! पुढे त्यांनी अहमदाबादला शिक्षकांचे कॉलेज चालवले आणि १८७९ साली आपल्या गुरूंचे चरित्र लिहिले.

म्हणजे पहिल्या पिढीतल्या या तपासनीसांनी आधी हातात खडू धरला होता. मुलगा कुठून आला, त्याच्या घरात दिवा कधी विझतो, हे त्यांना ठाऊक होते. पुढे मात्र खाते वाढले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खाते आले. १८६० च्या दशकात खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान मिळू लागले. जितकी मुले पास, तितके पैसे. निकालाला पैसा किंवा अब्रू चिकटली की मास्तर काय करतो?

याचे उत्तर आपल्या सगळ्यांच्या माहितीतले आहे. राजकोटच्या हायस्कुलात जाइल्स नावाचे साहेब तपासणीला आले. मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यांतला एक 'केटल'. मोहनदास गांधी नावाच्या मुलाने तो चुकवला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने त्याला खुणावले की शेजारच्या पाटीवर बघ. पण मास्तर तर कॉपी होऊ नये म्हणून पहारा देत आहेत अशीच त्या मुलाची समजूत! सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर आले, गांधी तेवढा चुकला. ही गोष्ट आपण सत्याचा धडा म्हणून वाचतो. मी आता ती मास्तरांच्या बाजूनेही वाचतो. ते दुष्ट नव्हते. साहेबांच्या वहीत आपला वर्ग शेजारच्या वर्गापेक्षा खाली दिसेल या भीतीने त्यांचा बूट हलला.

आणि या साऱ्या मोजणीत आलाच नाही तो कोण? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके हेच विचारले. कर शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च होतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षकाला चांगले प्रशिक्षण आणि नीट पगार द्या, शेतकरी वर्गातून शिक्षक येऊ द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. चालू शाळांपैकी कुठली चांगली यापेक्षा शाळेबाहेर कोण राहिला, हा त्यांना मोठा प्रश्न वाटत होता.

आमच्या गोव्यातही १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या तेव्हा मोजमाप सोपे होते: आधी नव्हती, आता आहे. आज त्यांतल्या कितीतरी शाळांत पटावर मूठभर पोरे उरली आहेत. आता तक्त्यात त्यांची तुलना शहरातल्या मोठ्या शाळेशी होते.

सुरतेच्या त्या गुरुजींना मी शेवटी विचारले, तुमच्या शाळेला कुठली श्रेणी मिळाली? ते हसले. म्हणाले, "श्रेणी सांगतो, पण आधी हे ऐका. आखाजीला गावी गेलेली एक मुलगी दोन महिन्यांनी परत आली. येताना अक्षर विसरून आली होती. आता धडा वाचते. तिची ही चाल कुठल्या रकान्यात लिहू?"

श्रेणी त्यांनी सांगितलीच नाही, आणि मीही पुन्हा विचारली नाही. शाळा आज कुठे उभी आहे हे तक्ता सांगतो. तिथली मुले कुठून चालत आली हे तो सांगत नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तरच एका राज्यातल्या दोन शाळांची तुलना न्यायाची होईल. आणि तिसरी नोंद हवी ती साहेब आले त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची. ते का आले नाहीत, हे कुणीतरी विचारायला हवे.

माझा मित्र अजून गावातच आहे. झाडावर चढणे वयामुळे आता बंद झाले. परवा भेटला तेव्हा मी त्याला त्या दिवसाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "बरा आठवता. त्या दिसा म्हाका खरेंच बरें नाशिल्लें अशें घरांत सांगिल्लें." घरी त्याने मास्तरांचे नाव घेतले नव्हते.