नुकत्याच जन्मलेल्या किड्याची भीती

मरण कधी अनुभवलेलंच नाही, तर त्याची भीती येते कुठून?

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पाच क्लेश सांगितले आहेत. शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं. तो विद्वानालाही सुटत नाही, असं सूत्र म्हणतं. त्यावरचं व्यासभाष्य पुढे जातं: नुकत्याच जन्मलेल्या किड्यातही ही भीती दिसते. त्याने मरण ना पाहिलंय, ना ऐकलंय. म्हणजे ती आधी भोगलेल्या मरणाचा संस्कार असणार, म्हणजेच पूर्वजन्म आहे!

मी विज्ञानशाखेची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. अहो, ही तर उत्क्रांती! विषय संपला.

पण जरा थांबा. किड्यावर मी एकही प्रयोग केलेला नाही. शाळेपासून घोटलेलं उत्तर आपोआप बाहेर आलं. ते उत्तर बरोबर आहे असं मला आजही वाटतं, पण त्या क्षणी मी विचार केला नव्हता, एवढं खरं. भाष्यकारांचंही तेच झालं असेल का? निरीक्षण चोख, पण पुनर्जन्म हे उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार होतं. तसं त्या काळीही सगळे मान डोलावत नव्हते. बाळ जन्मतःच दूध शोधतं ते मागच्या जन्मीच्या सवयीने, असं न्यायसूत्रं म्हणतात. त्यावर तिथलाच प्रतिपक्षी विचारतो, लोखंडही चुंबकाकडे जातंच की! (हा प्रतिपक्षी माझा लाडका आहे.)

आता डार्विन. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने विषारी सापाच्या जाड काचेला चेहरा लावला, मागे सरकायचं नाही असं ठरवून. सापाने झडप घातली आणि हा टुणकन मागे! विद्वानाचा अभिनिवेश, दुसरं काय. हे त्याने भावनांवरच्या १८७२ च्या पुस्तकात लिहिलंय. त्याच पुस्तकात तो असंही मानतो की मुद्दाम लावून घेतलेल्या सवयी कालांतराने वंशपरंपरेने पुढच्या पिढ्यांत उतरू शकतात. आजच्या जनुकशास्त्रात हे बसत नाही. पतंजलींचा संस्कार त्याच चित्तासोबत पुढच्या जन्मात जातो, डार्विनची सवय आईबापांकडून लेकरात. तरी सवयीचा ठसा पुढे उरतो, ही कल्पना दोघांकडे आहे.

डार्विनचा तो भाग मी पहिल्या वाचनात चक्क ओलांडून गेले होते. पेन्सिलीची खूण फक्त सापाच्या गोष्टीपाशी आहे.