त्याच मुलांना पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा

मंडळी, आज ज्या सर्वेक्षणाबद्दल बोलायचं आहे, ते शिक्षणासाठी सुरूच झालं नव्हतं. ब्रिटनमध्ये जन्मदर का घसरला, बाळंतपणाला खर्च किती येतो, प्रसूतीच्या सोयी कुणाला मिळतात, एवढंच शोधायचं होतं. त्यासाठी मार्च १९४६ च्या एका आठवड्यात बाळंत झालेल्या तेरा हजारांहून अधिक आयांना प्रश्न विचारले गेले.

काम तिथेच संपलं असतं. पण जेम्स डग्लस या डॉक्टरांनी त्यांतल्या ५,३६२ मुलांचा माग पुढे चालू ठेवला. परिचारिका घरी जात, शिक्षक माहिती भरून देत. आठव्या, अकराव्या आणि पंधराव्या वर्षी मुलांच्या चाचण्या झाल्या.

आता त्या वेळची शाळा पाहा. १९४४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं होतं. मात्र अकराव्या वर्षीची परीक्षा ठरवायची, की मूल ग्रामर स्कूलमध्ये जाणार की साध्या माध्यमिक शाळेत. म्हणणं असं, की मूल हुशार असेल तर घर आड येणार नाही.

हे खरं होतं का? अकरा वर्षांच्या मुलांना एकदाच तपासलं तर कोण मागे आहे ते कळतं. केव्हापासून मागे पडलं ते कळत नाही. डग्लस यांच्याकडे त्याच मुलांचे आठव्या वर्षीचे गुण होते.

१९६४ मध्ये त्यांचं 'द होम अँड द स्कूल' हे पुस्तक आलं. कामगारांच्या आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांमधलं अंतर आठ ते अकरा या वर्षांत वाढलं होतं. वरच्या तुकडीतली मुलं सुधारली, खालच्या तुकडीतली घसरली. अगदी वरच्या गुणांच्या मुलांत घराचा फरक थोडाच पडला. काठावरच्या मुलांना तो जास्त भोवला. शिवाय ग्रामर स्कूलच्या जागा कुठे भरपूर, कुठे मोजक्या.

इथे एक सावधगिरी हवी. पालकांची आस्था मोठी ठरते, असंही डग्लस म्हणाले. पण ती मोजली कशी? शिक्षकांच्या मतावरून आणि पालक शाळेत किती वेळा आले यावरून. आता पाळीवर काम करणारा बाप शाळेत आला नाही, म्हणून त्याला आस्था नव्हती म्हणायचं का? आकडे वर्षानुवर्षांचे असले, तरी प्रश्न कसा विचारला हे पाहावंच लागतं.

जुलै १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या खात्याने स्थानिक शिक्षण मंडळांना सर्वांसाठी एकच प्रकारची माध्यमिक शाळा आणण्याचे आराखडे मागितले. हे एकट्या पुस्तकाने घडवलं नाही. पक्षाचं धोरण होतं, पालकांची नाराजी होती, इतरांची संशोधनं होती. पण निवड न्याय्य आहे असं म्हणणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.

आणि ती मुलं? पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यांची परीक्षा कधीच होऊन गेली होती. उत्तरं त्यांनी दिली. उपयोग झालाच असेल तर मागून येणाऱ्यांना.