‘व्हिस्टा’विषयीचे लोकमत : एक साधनविचार

समकालीनांनी नोंदविलेली मते हे इतिहासाचे साधन खरे. परंतु ते मत नेमके कशाविषयी आहे, हे ठरविल्यावाचून त्याचा उपयोग करणे धोक्याचे असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज व्हिस्टा’ ही संगणक-संचालन-प्रणाली या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांस ३० जानेवारी २००७ रोजी उपलब्ध झाली. तत्पूर्वीची ‘एक्सपी’ २००१ पासून प्रचारात असल्याने लोकांचा हात तिच्यावर बसला होता. नव्या प्रणालीची पारदर्शक सजावट, जलद शोध व वाढीव सुरक्षितता यांची काहींनी प्रशंसा केली. इतरांनी मंदपणा, जुने प्रिंटर न चालणे आणि पदोपदी संमती मागणाऱ्या चौकटी यांविषयी त्रागा व्यक्त केला. एक्सपीची विक्री चालू राहावी म्हणून ‘इन्फोवर्ल्ड’ने २००८ साली सह्यांची मोहीमही चालविली.

या तक्रारी खोट्या नव्हत्या. मात्र त्यांची मुळे भिन्न होती. संमतीची चौकट हे बुद्ध्या स्वीकारलेले धोरण होते. एक्सपीवर बहुतेक लोक प्रशासकाचे पूर्ण अधिकार घेऊन काम करीत आणि घातक प्रोग्रॅमलाही तेच अधिकार अनायासे मिळत. प्रिंटर आदी उपकरणांचे ड्रायव्हर त्या त्या उत्पादकांनी सिद्ध करावयाचे होते; ते सर्व वेळेवर झाले नाहीत. शिवाय ‘व्हिस्टा कॅपेबल’ अशी चिठ्ठी लावलेल्या कित्येक यंत्रांवर नवी सजावट चालतच नसे. त्यावरून २००७ मध्ये अमेरिकेत कंपनीविरुद्ध दावाही दाखल झाला.

कंपनीनेही आपला पुरावा पुढे केला. २००८ मध्ये व्हिस्टाविषयी प्रतिकूल ग्रह असलेल्यांना तीच प्रणाली ‘मोहावी’ या नावाने दाखविण्यात आली व अनेकांनी ती वाखाणली. यावरून पूर्वग्रहाचे बळ सिद्ध होते. तथापि यंत्र कंपनीने सज्ज केलेले होते. घरचा जुना प्रिंटर तेथे नव्हता. सबब या प्रयोगाने ग्राहकांचा अनुभव खोटा ठरत नाही.

निर्णायक साक्ष मिळते ती पुढील प्रणालीकडून. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या ‘विंडोज ७’चे सर्वत्र स्वागत झाले. वस्तुतः तिचा पाया व्हिस्टाचाच होता. व्हिस्टाचा अंतर्गत क्रमांक ६.०, तर हिचा ६.१. तिच्यात सुधारणा झाल्या होत्या, संमतीच्या चौकटी कमी केल्या होत्या, हे खरेच; पण दरम्यान ड्रायव्हर परिपक्व झाले होते आणि यंत्रांची स्मृतीही वाढली होती.

तात्पर्य, २००७ मधील मते ही केवळ प्रणालीविषयीची नव्हेत. ती त्या प्रणालीची त्या वर्षीच्या यंत्रांशी पडलेल्या गाठीची साक्ष होय. म्हणून असे मत उद्धृत करताना त्याची तिथी आणि ज्यावर ते बनले ते यंत्र, या दोहोंची नोंद संशोधकाने अवश्य करावी. एरवी अपुऱ्या यंत्राचा किंवा गैरहजर ड्रायव्हरचा दोष प्रणालीच्या माथी बसतो, आणि प्रणालीचा खरा दोष कोणता हेही अज्ञातच राहते.