गळाची गुळगुळीत दोरी

मासेमारीच्या साहित्याच्या दुकानांत आज गळाची दोरी घेण्यासाठीं कोणी गेला, तर चार पेडांची हवी कीं आठ पेडांची, असा प्रश्न त्याला ऐकावा लागतो. चार पेडांची दोरी स्वस्त, पण हाताला किंचित् खरखरीत. आठ पेडांची महाग, पण बोटांतून रेशमासारखी सरकणारी. नवखा मनुष्य दोन्ही दोऱ्या चिमटींत धरून पाहतो आणि गुळगुळीत तीच चांगली असें मनाशीं ठरवून जास्त पैसे मोजतो. त्याचा हा कौल नवा नाहीं. गळाची दोरी खरखरीत असूं नये, हें मत निदान एकोणीसशें वर्षांचें जुनें आहे. परंतु गुळगुळीतपणा कशासाठीं हवा आणि त्याची किंमत कोणीं द्यावयाची, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मात्र वेळोवेळीं बदलत आलीं आहेत. तीं कशीं बदललीं हें पाहिल्यावांचून दुकानदाराच्या प्रश्नाचें उत्तरही नीट देतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत जन्मलेला ग्रीक ग्रंथकार प्लूटार्क यानें, जमिनीवरचे प्राणी अधिक चतुर कीं पाण्यांतले, या विषयावर एक संवाद लिहिला आहे. मासा किती सावध असतो हें दाखवितांना तेथें असें सांगितलें आहे कीं, गळ टाकणारे लोक दोरींत फार गांठी येऊं देत नाहींत आणि ती जाड किंवा खरखरीतही होऊं देत नाहींत. कारण त्यामुळें माशाला कपटाची चाहूल लागते. घोडीच्या शेपटीचे केस मूत्रानें भिजून कमजोर होतात म्हणून घोड्याचे घ्यावे, आणि समुद्राच्या पाण्यांत ते वेगळे दिसूं नयेत म्हणून पांढरे निवडावे, असाही तपशील त्यांत आहे. येथें गुळगुळीतपणाचा विचार सर्वस्वी माशाच्या बाजूनें झालेला आहे. दोरी माणसाच्या बोटांना कशी लागते हा प्रश्नच नव्हता. ती माशाला कळूं नये, एवढाच हेतु होता.

आपल्या देशांतही हा विषय केवळ पोटार्थी लोकांपुरता राहिला नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक प्रकरण आहे, आणि माशांच्या जाति, त्यांचें खाद्य व त्यांना गळानें धरण्याची रीति यांचा विचार तेथें राजाच्या करमणुकीचा भाग म्हणून केला आहे. पुढच्या शतकांतील दोरीचा इतिहास मात्र इंग्लंडांत अधिक तपशीलवार नोंदला गेला. १४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापलेला आणि डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईच्या नांवावर मोडणारा गळाच्या मासेमारीवरील निबंध प्रसिद्ध आहे. कोणत्या माशाला घोड्याचे किती केस एकत्र वळावे याचें त्यांत कोष्टकच दिलेलें आहे: अगदीं लहान माशाला एक, मोठ्या ट्राउटला बारा, आणि सॅमनला पंधरा. ऋतूप्रमाणें पाण्याचा रंग पाहून केस कसे रंगवावे, हेंही तेथें सांगितलें आहे.

या केसाळ दोरीविषयीं सर्वांत मार्मिक गोष्ट आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालच्या आपल्या ‘द कंप्लीट अँग्लर’ या ग्रंथांत सांगितली. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, गोल, स्वच्छ, सारख्या जाडीचा आणि कांचेच्या रंगाचा एक निवडक केस हा ओबडधोबड तीन केसांइतका बळकट ठरतो. येथें गुळगुळीतपणाला दुसरा अर्थ प्राप्त झाला. वळलेल्या दोरींत एक केस जाड व दुसरा बारीक असला, तर ताण सर्वांवर सारखा पडत नाहीं. जो आधीं ताणला जातो तो आधीं तुटतो आणि मग त्याचा भार उरलेल्यांवर येऊन तेही एकामागून एक तुटतात. एकत्र कुटुंबांत सर्व भार एकाच कर्त्या पुरुषावर पडल्यास जें होतें, तेंच हें. तात्पर्य, दोरी वरून सारखी असणें हें आंतल्या समतोलाचें चिन्ह आहे, हें वॉल्टननें ओळखलें होतें.

पण केसाची लांबी घोड्याच्या शेपटीएवढीच असल्यामुळें लांब दोरीला गांठीवांचून गत्यंतर नव्हतें, आणि काठीच्या शेंड्याला दोरी बांधून मासे धरावयाचे तोंवर ही अडचण फारशी जाणवलीही नाहीं. पुढें दोरी गुंडाळून ठेवण्याचें रीळ आलें. इंग्रजींतील त्याचा पहिला उल्लेख टॉमस बार्कर याच्या १६५१ सालच्या पुस्तकांत आढळतो. आतां दोरी काठीवरच्या कड्यांतून आंत-बाहेर सरकली पाहिजे, आणि प्रत्येक गांठ कडींत अडकणार! अखंड धाग्याचा शोध सुरू झाला तो या काळांत. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें मार्च १६६७ मध्यें मोठ्या कौतुकानें नोंदून ठेवलें आहे कीं, वाद्याला लावावयाची बारीक तात रोगण चढवून गळाला वापरली असतां ती पाण्यानें फुगत नाहीं, आणि बारीकपणांत व बळकटींत कोणत्याही केसाला हार जात नाहीं. पुढच्या शतकापासून रेशमाच्या किड्याची तात प्रचारांत आली. कोसला विणण्याच्या बेतांत असलेला किडा शिरक्यांत बुडवून मारावयाचा आणि त्याच्या पोटांतील रेशमाची ग्रंथि हातांनीं ताणून तिची तार काढावयाची, असा हा क्रूर पण कुशल धंदा स्पेनमधील मुर्सिया प्रांतांत भरभराटीस आला. ही तार आंखूड असल्यामुळें ती दोरीच्या टोंकाला, गळाजवळच लावीत. मागची लांब दोरी विणलेल्या रेशमाची असे.

या विणलेल्या दोरीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. सुंभ वळतो तसा धाग्यांना पीळ दिला, तर ताण पडतांच तो पीळ उलगडूं पाहतो, दोरी स्वतःभोंवतीं फिरते आणि सैल सोडतांच तिला आढ्या पडतात. वेणींत मात्र कांहीं पेड उजवीकडे व तितकेच डावीकडे जात असल्यामुळें एकाचा पीळ दुसरा मारतो. अशी वेणी घालणाऱ्या यंत्राचा हक्क मँचेस्टरच्या टॉमस वॉलफर्ड यानें १७४८ सालीं घेतला होता. शिमग्यांत किंवा गोकुळाष्टमीला गोफ विणणारे लोक एकमेकांच्या आंतून-बाहेरून फेर धरतात आणि वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचा गोफ होतो; या यंत्रांतील गुंड्या नेमका तसाच फेर धरतात. रेशमाच्या अशा वेणीवर जवसाच्या तेलाचीं पुटें चढवून ती घोटीत. तिचा गुळगुळीतपणा मात्र मालकाच्या कष्टांवर टिके. मासेमारीहून परत आल्यावर सगळी दोरी रिळावरून उतरवून वाळवावयाची, पुसावयाची, मधून मधून तिला चरबी लावावयाची. दोन दिवस हयगय झाली कीं रेशीम कुजलें. त्या काळचा गुळगुळीतपणा म्हणजे रोजची निगा होती, आणि तिची किंमत वापरणारा स्वतः देत होता.

विसाव्या शतकानें हा संबंध पालटला. १९०५ सालीं ब्रॅडफर्डचा कापड-कारखानदार आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यानें स्थिर रिळाचा हक्क घेतला. गिरणींतील चातीवरून सूत टोंकाकडून निसटतें तशी यांत दोरी रीळ न फिरतां निसटते. त्यामुळें हलका गळही दूर फेंकतां येऊं लागला आणि दोरीचें घर्षण किती कमी, यावर फेंकीचें अंतर ठरूं लागलें. वॉलेस कॅरोदर्स याच्या देखरेखीखालीं ड्यू पाँट कंपनींत १९३५ सालीं नायलॉन तयार झालें आणि १९३८ सालीं तें जाहीर झालें. ही अखंड, कांचेसारखी, न कुजणारी तार पाहून वॉल्टन हर्षित झाला असता. तिचा दोष एवढाच कीं ती ताणली जाते, आणि दूरवर माशानें तोंड लावलें तर हाताला तें उशिरां कळतें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॉलंडमधील डीएसएम कंपनीच्या पॉल स्मिथ व पीट लेम्स्ट्रा यांनीं पॉलिएथिलीनच्या अतिदीर्घ रेणूंपासून धागा काढण्याची रीति शोधली. हा धागा तोलास तोल पोलादाहून कितीतरी बळकट, पाण्याहून हलका आणि जवळजवळ न ताणला जाणारा आहे. तो फार तलम असल्यामुळें त्याची दोरी करावयाची तर पुन्हां वेणीच घालावी लागली. रेशमाबरोबर मागें पडलेली वेणी अशा रीतीनें परत आली.

आतां मूळच्या प्रश्नाकडे वळूं. चार पेडांच्या वेणीला उंचवटे अधिक. ती कड्यांतून जातांना घरघरते. आठ पेडांची वेणी गोल होते, म्हणून ती शांतपणें आणि दूर जाते. पण जाडी तीच ठेवून पेड दुप्पट केले कीं प्रत्येक पेड बारीक होतो, आणि खडकावर किंवा कालवांच्या कडांवर घासतांच तो लवकर तुटतो. म्हणून वाळूच्या किनाऱ्यावर किंवा मोकळ्या तळ्यांत आठ पेडांची, आणि खडकाळ जागीं चार पेडांची, हा ढोबळ नियम समजावा. दुकानांत बोटांना लागणारा गुळगुळीतपणा पुष्कळदां वरून चढविलेल्या लेपाचा असतो आणि तो कांहीं दिवसांत झिजतो. तेव्हां दोरी चिमटींत दाबून ती गोल राहते कीं चपटी होते हें पाहावें, आणि वेण घट्ट आहे कीं विरळ हें भिंगांतून तपासावें. शिवाय हा धागा मेणासारखा निसरडा असल्यामुळें साधी गांठ त्यावर टिकत नाहीं. दोरी दुहेरी करून, ओली करून गांठ मारावी. जी निसरडी दोरी कडींतून सुखानें जाते, तीच गांठींतूनही सुखानें निसटते.

राहिला किंमतीचा प्रश्न. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी पूर्वीं सुताचीं व तागाचीं जाळीं झाडांच्या सालींच्या काढ्यांत बुडवून टिकवीत; १९५० नंतरच्या कांहीं दशकांत नायलॉननें तो खटाटोप संपविला. श्रम वांचले, आणि दर्यावर कष्टणाऱ्यांचे वांचलेले श्रम कोणीही कमी लेखूं नयेत. पण तुटलेलें सुती जाळें पाण्यांत कुजून जाई. हें कुजत नाहीं, आणि धनी नसतांही मासे, कांसवें व पक्षी धरीतच राहतें. संक्रांतीच्या नायलॉन मांजानें हा धडा आपणांस शहरांतही दिला आहे. पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले गेल्यावर २०१७ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्यावर देशभर बंदी घातली. जी निगा रेशमाच्या दोरीची करावी लागे, ती आतां दोरीला नको, पण पाण्याला हवी आहे. म्हणून गुळगुळीत दोरी ज्याला परवडते त्यानें ती अवश्य घ्यावी. मात्र तुटलेला प्रत्येक वाव गोळा करून, बारीक तुकडे करून घरीं आणावा. वाळविण्याचे आणि तेल लावण्याचे जे कष्ट वांचले, त्यांच्या मानानें हे कांहींच नाहींत.