कंसातले नाव

सुताराचे गिरमिट लाकडात शिरताना जसे स्वतःभोवती फिरत पुढे सरकते, तसा वळसे घेत पोहणारा एक सूक्ष्म जीव 1843 साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी यांना बेडकाच्या रक्तात आढळला, आणि गिरमिट व देह या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यांनी त्याचे नाव ‘ट्रिपॅनोसोमा’ असे ठेवले. एकाच पेशीचा निमुळता देह, त्याच्या कडेने झालरीप्रमाणे लहरणारे पातळ पटल आणि त्या झालरीच्या काठाने जाऊन पुढे मोकळी सुटणारी एकच कशाभिका, ही त्याची लक्षणे होत.

या जीवाचा रोगाशी संबंध प्रथम सिद्ध झाला तो हिंदुस्थानात. तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माइलखान येथे घोडे आणि उंट ‘सर्रा’ नावाच्या ज्वराने झिजत. चारा समोर असूनही जनावर सुकत जाई, पोटाखाली व पायांवर सूज येई, आणि अखेर ते दगावे. 1880 साली लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी अशा जनावरांच्या रक्तात हे जीव पाहिले व ते रक्त निरोगी जनावरांना टोचून रोगाचे कारण हेच, असा दाखला दिला. परंतु दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यात टिमथी लुइस यांना वरवर धडधाकट उंदरांच्या रक्तात असेच जीव दिसले असल्याने, ते निरुपद्रवी असावेत हा समज सरकारदरबारी लवकर हटला नाही.

1885 साली ब्रह्मदेशातील खेचरांचा सर्रा तपासणारे जॉन हेन्री स्टील यांनी या जीवाला इव्हान्स यांचे नाव दिले, पण त्याची गणना मात्र स्पायरोकीट या सर्पिल जंतूंत केली. हेच स्टील पुढील वर्षी मुंबईत परळ येथे निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. 1888 साली बाल्बिआनी यांनी तो जीव ट्रिपॅनोसोमा प्रजातीत आणला. तथापि प्राणिशास्त्राच्या दप्तरातून स्टील यांची नोंद खारीज झाली नाही. ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ या नावापुढे आजही त्यांचे नाव लिहिले जाते, परंतु कंसात. आणि जातीची ओळख यांनी दिली, प्रजाती मात्र पुढे बदलली, एवढा सारा वृत्तान्त ती दोन वक्र चिन्हे सांगतात.

1901 साली डोफ्लाइन यांनी या जीवांचे स्वतंत्र कुल मांडले. काळा आजाराचा परजीवी मानवी पेशींत कशाभिका आखडून गोल बसतो. त्यामुळे त्याचे कुळ ठरविताना प्रारंभी मोठे मतभेद झाले, पण 1904 साली कलकत्त्यात लिओनर्ड रॉजर्स यांनी तो नळीत वाढविला तेव्हा त्याला कशाभिका फुटली, आणि तो याच घराण्यातला ठरला. कशाभिकेच्या मुळाशी असलेला आनुवंशिक द्रव्याच्या गुंफलेल्या कड्यांचा पुंजका हे या कुळाचे आणखी एक कुलचिन्ह होय. इव्हान्सीच्या पुंजक्यातील मोठी कडी लोप पावली असल्याने आफ्रिकेतील रक्तशोषक त्सेत्से माशीच्या देहात वाढण्याचे सामर्थ्य त्याला राहिले नाही. परंतु गोमाशीच्या रक्ताळलेल्या सोंडेवरून तो एका जनावरातून दुसऱ्यात जाऊ शकतो, आणि म्हणूनच त्सेत्सेचा अंमल जेथे संपतो त्याच्या पलीकडे त्याची मुलूखगिरी चालते.

माणसाला त्यापासून भय नाही, हा समजही 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यात ढळला. ज्वराने आजारी असलेल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हान्सी सापडला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला, आणि या परजीवीला मारणारे, सर्वसाधारण माणसाच्या रक्तात असणारे एक प्रथिन त्याच्या रक्तात जन्मतःच नव्हते, असे पुढे सिद्ध झाले. सव्वाशे वर्षे जनावरांच्या रकान्यात राहिलेल्या सर्ऱ्याची नोंद त्या दिवशी माणसाच्या रकान्यातही करावी लागली. आणि स्टील यांचा कंस मिटविला गेला नाही तसाच जुना रकाना खोडून नव्हे, तर त्याच्या शेजारी नवा आखून ती केली गेली, यातच या शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.