पटावरची चूक आणि वर्गातली चूक

आपल्या चतुरंगापासून उगम पावलेला बुद्धिबळाचा खेळ दीर्घकाळ राजवाड्यांत आणि सरदारांच्या दिवाणखान्यांत वावरला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांच्या शाळांत जाऊन पोहोचला आणि तेथे त्याने शिक्षणाविषयी एक विचारणीय प्रश्न उभा केला.

१९८६ साली त्या शहरातील सार्वजनिक शाळांतून बुद्धिबळ शिकविण्याचा एक उपक्रम सुरू झाला. पुढे हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील एका शाळेत मॉरिस ॲशली मुलांना खेळ शिकवू लागले. ते स्वतः जमैकात जन्मलेले आणि बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या संघाचे नाव ‘रेजिंग रुक्स’, म्हणजे खवळलेले हत्ती! १९९१ साली या संघाने आपल्या वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत बरोबरीने पहिले स्थान मिळविले. ॲशली १९९९ मध्ये ग्रँडमास्टर झाले. २०१२ साली तर ब्रुकलिनमधील आय. एस. ३१८ या आठवीपर्यंतच्या शाळेने थेट हायस्कुलांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तेथील बहुसंख्य मुले गरीब घरांतली होती.

यावरून बुद्धिबळाने गणित सुधारते असे म्हणावे काय? इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत याची कसोटी घेण्यात आली. २०१६ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिकवणी संपल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा गणितात काही फरक आढळला नाही.

मग या खेळाचे मोल कशात शोधावे? माझ्या मते, चुकीकडे पाहण्याच्या दृष्टीत. स्पर्धेत प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते. त्यामुळे हरलेला डावही शिक्षकाजवळ बसून पुन्हा मांडता येतो. वजीर कोठे गमावला, हे शांतपणे शोधता येते. याउलट परीक्षेची उत्तरपत्रिका गुणांचा आकडा सांगून कायमची मिटते. ज्याला वर्षानुवर्षे केवळ कमी आकडाच पाहावा लागला, तो शहरी किशोर शाळेकडे पाठ फिरवू लागला तर नवल कसले?

प्रत्येक शाळेत पट मांडला जाईलच असे नाही. पण चुकलेले गणित हरलेल्या डावाप्रमाणे विद्यार्थ्यापुढे पुन्हा मांडणे, हे कोणत्याही शिक्षकाला करता येण्यासारखे आहे. त्याला सोंगट्या लागत नाहीत. थोडा वेळ आणि पुष्कळ धीर मात्र लागतो.