हान्स घोडा नेमके काय शिकला?

श्रोतेहो, चाबकावाचून जनावर शिकत नाही, ही समजूत फार जुनी. बर्लिनचे निवृत्त गणितशिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांनी आपल्या हान्स घोड्याला पाव आणि गाजरे देऊन शिकविले. अंगणात मोकळा उभा राहून हान्स खूर आपटी व बेरजांची उत्तरे देई. १९०४ साली तज्ज्ञांनी तपासणी केली. त्यांना लबाडी आढळली नाही.

पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी कसून प्रयोग केले. विचारणारा दिसेनासा झाला, किंवा त्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्स चुके. योग्य आकडा येताच विचारणाऱ्याचे झुकलेले डोके नकळत किंचित वर होई. त्या खुणेवर घोडा थांबे. १९०७ साली फुंग्स्टचा ग्रंथ निघाला.

मग घोडा मूर्ख ठरला काय? आम्हांला तसे वाटत नाही. मास्तरांच्या मते गाजर गणिताबद्दल होते. प्रत्यक्षात ते माणूस निरखण्याबद्दल मिळत होते, आणि तेच हान्स शिकला. कामगारांत आयुष्य घालविलेल्या आम्हांला याचे नवल वाटत नाही. ज्याच्या हाती बक्षिशी, त्या मुकादमाच्या भुवया वाचायला माणूसही शिकतो. काम मागे राहते. चाबूक टाकला हे उत्तमच झाले. पण गाजर देणाऱ्याने आपण ते कशाबद्दल देतो, हे आधी तपासावे.